सोनकीचे बारा वाफे

गणपती गेल्यानंतर आठ दिवसांनी नर्सरीतलं पाणी उतरलं. गुलाबाच्या पिशव्या काळ्या पडल्या होत्या. जास्वंदीच्या मुळांना कुजका वास येत होता. विठू एकेक रोप उपटून मुळं बघायचा आणि मागच्या खड्ड्यात फेकायचा. त्याची बायको सुलू रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर पालथ्या घालत होती. 

नर्सरी भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्याला होती, डोंगराच्या पायथ्याशी. मुळात ते भाताचं शेत. म्हाताऱ्या मालकानं, पायसबाबानं, तिथं पन्नास वर्षं भात केला, उन्हाळ्यात पांढरा कांदा केला. मुलगा रेनॉल्ड हाताशी आल्यावर त्यानं भात बंद करून शेडनेट मारलं, बोअर खणली आणि रस्त्यावर पाटी लावली. आता शेताच्या खालच्या अंगाला कुणीतरी भराव टाकला होता. पाण्याला निघायला वाट नव्हती. लागोपाठ दुसऱ्या वर्षी नर्सरी बुडाली होती.

विठू आणि सुलू इथं अकरा वर्षं होती. पंपाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. विठू गुहागरकडचा, समुद्राकाठचा. सुलूचं माहेर खेडच्या वर, डोंगरातल्या वाडीत. विठू माळी होता. सुलू कामाची बाई होती. गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की "माळी कुठाय?" म्हणून विचारायचं, आणि विठू हात पुसत पुढं जायचा. सुलू खाली बसून खुरपत असायची. विठूचा हात चांगला होता. त्यानं कलम बांधलेला गुलाब सहसा वाया जात नसे. झाडाला पोटभर घातलं पाहिजे, असं तो म्हणायचा. शेणखत, पेंड, युरिया, जे असेल ते. उपाशी झाड त्याला बघवत नसे.

दिवाळी झाल्यावर एक बाई आल्या. संचिता त्यांचं नाव. डोंगराच्या वरच्या अंगाला, समुद्र दिसतो तिथं, एक रिसॉर्ट होत होतं. त्याच्या बागेचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी विठूसमोर फोन धरला.

"दादा, हे मिळेल का?"

फोटोत खडकाळ उतार होता आणि त्यावर पिवळी फुलं. विठूनं डोळे बारीक करून पाहिलं.

"शेवंतीतलंच कायतरी असेल, मॅडम. नायतर बारीक जर्बेरा."

"नाही हो. जंगली आहे. सह्याद्रीतलं."

"सोनकी ती," खालून सुलू म्हणाली. ती कुंड्यांमधलं तण काढत होती. तिनं मान वर केली नव्हती. फोटो मघाशी बाई चालत येत असताना तिला ओझरता दिसला होता तेवढाच.

संचिता खाली वाकल्या. "तुम्हाला माहितीय?"

"आमच्या वाडीवर लय असते. कोण लावत नाय. आपली आपण येते."

तेवढ्यात रेनॉल्ड ऑफिसातून बाहेर आला होता. दोन महिने त्याच्याकडे धड ऑर्डर नव्हती. "मिळेल मॅडम, सगळं मिळेल. किती पाहिजेत?"

"बाराशे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उद्घाटन आहे, तेव्हा फुलावर पाहिजेत. एक मात्र आहे. डोंगरातून उपटून आणलेली नकोत. बियांपासून केलेली पाहिजेत."

रेनॉल्डनं विठूकडे पाहिलं. "दादा, जमेल ना?"

विठूनं सुलूकडे पाहिलं. ती खुरपत होती.

"जमेल की," विठू म्हणाला.

*

बी आणायला सुलू एकटी गेली. खेडला एसटीतून उतरून पुढं जीप, पुढं दीड तास चाल. भाऊ धाकू ओटीवर बसला होता. ती कशाला आली ते ऐकून तो हसला.

"गवताचं बी न्यायला मुंबईवरनं आलीस?"

"गवताचं नाय. सोनकीचं."

"गुरं पण खात नाय ती."

सोनकी वाळली होती. काड्यांच्या टोकाला कापसासारखे तुरे होते, आणि प्रत्येक तुसाला खाली केसाएवढं बी. दुपारी हात लावला की सगळं उडून जायचं. सुलूला ते लहानपणापासून माहीत होतं. गुरांमागं फिरताना ती आणि धाकू फुंकून उडवायची. म्हणून ती उजाडताना गेली, तुरे दवानं चिकटलेले असताना. अंगावर घोंगडी घेऊन ती कातळाच्या कडेनं बसत सरकायची. तुरा चिमटीत धरून ओढायचा आणि उशीच्या अभ्र्यात टाकायचा. ऊन वर आलं की थांबायचं. तीन सकाळी ती गेली. तिसऱ्या दिवशी पाय आखडले आणि उतरताना एका जागी ती घसरून बसली. कोपर सोलवटलं. अभ्रा तिनं सोडला नाही.

परत आल्यावर तिनं बी राखेत कालवून मडक्यात ठेवलं आणि मडकं खोलीच्या आढ्याला टांगलं.

मे महिन्यात वाफे करायला घेतले तेव्हा नवराबायकोत पहिली कुरबुर झाली. विठूनं पोयटा, शेणखत आणि कोकोपीट कालवून ढीग केला होता. सुलूनं त्या ढिगाकडे पाहिलं.

"ह्यात नको."

"मग कशात? डोक्यावर लावायची?"

"मुरूम पायजे. बारीक खडी. माती चिमूटभर."

"मुरमात काय उगवतं? येडी काय तू?"

पायसबाबा बाजूला खुर्चीवर काठी धरून बसला होता. ऐंशीच्या पुढचा. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण ऐकू चांगलं यायचं.

"ती बरोबर सांगते हाय रे विठू. डोंगरान माती कुठं हाय? खडकच हाय. आमचे मागं डोंगरावं जे उगवायचं ते शेतान कवा न्हाय आलं."

"बाबा, पण शेट मला विचारणार. मी माळी हाय."

"तू माळी हायस. ती डोंगरातली हाय."

विठूनं ढीग फावड्यानं बाजूला ओढला. संध्याकाळपर्यंत दोघांनी डोंगराच्या पायथ्याचा मुरूम घमेल्यानं वाहून आणला. सुलूनं वाफे उतरते करायला लावले, एका बाजूनं वीतभर उंच, म्हणजे पाणी ठरणार नाही. बारा वाफे झाले. कडेला दगड लावले. विठूच्या तळहाताला फोड आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो बायकोच्या सांगण्यावरून काम करत होता. चार माणसांसमोर हे होऊ नये एवढंच त्याला वाटत होतं, आणि चार माणसं तिथं नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुलूनं बी फेकलं. वाळूत कालवून, वाऱ्याकडे पाठ करून, बसून. वर माती ओढली नाही. नुसतं तळहातानं दाबलं. दहाव्या दिवशी मुरमावर हिरवी शाई सांडल्यासारखं दिसायला लागलं. बोटभर झाल्यावर दाट रोपं विरळ केली. वाफ्याला शंभर रोपं, वीतभर अंतर. पाऊस झोडपायचा तेव्हा ती पोतं डोक्यावर घेऊन चर मोकळे करत राहायची. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या. ती रात्री खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरायची.

संचिता एकदा बघायला आल्या. त्यांनी सुलूचा फोन नंबर घेतला. "मावशी, दर रविवारी एक फोटो पाठवत जा." सुलूला फोटो काढता येत होता, पाठवता येत नव्हता. ते त्यांनी शिकवलं. रेनॉल्ड हे बघत उभा होता.

*

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीचा फोन आला. शालू खेडलाच दिलेली होती. पहिलं बाळंतपण, आणि सासू पाय मोडून पडलेली.

सुलूनं कपड्याची पिशवी भरली. निघताना ती वाफ्यांपाशी उभी राहिली.

"तण काढा. चर बघा. बाकी कायच करू नका. खत नको."

"कळलं."

"बारकी हायत म्हणून भिऊ नका. ती अशीच असतात."

"कळलं गं. जा तू."

रोपं खरंच बारकी होती. पानं अंगठ्याच्या नखाएवढी. कडांना जांभळट झाक. रेनॉल्ड रोज सकाळी छत्री घेऊन यायचा आणि वाफ्यांसमोर उभा राहायचा.

"दादा, ही जगणार का? मला खरं सांग."

"सुलू म्हणते अशीच असतात."

"सुलू म्हणते? माळी कोण आहे, तू की ती? बाराशे रोपं आहेत. गेली तर मी नर्सरी बंद करून जागा लॉनवाल्याला देतो, लग्नाच्या हॉलला. मग तुम्ही बघा तुमचं."

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला होता. विठूनं खोलीमागचं लॉनसाठी आणलेलं युरियाचं पोतं उघडलं. बादलीत विरघळवलं. एका हातात मग घेऊन तो पहिल्या वाफ्याशी बसला. आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटत नव्हतं. पोर अशक्त असेल तर आई बाहेर गेल्यावर बाप त्याला भरवेल तसं त्यानं एकेका रोपाच्या बुडाशी मग ओतला. सात वाफे झाले आणि रेनॉल्डनं हाक मारली. भाईंदरात जेसल पार्कला कुणाकडे तरी लॉनचे तुकडे पोचवायचे होते. विठू बादली उपडी करून गेला. परत आला तोवर पाऊस सुरू झाला होता. उरलेल्या पाच वाफ्यांचं राहून गेलं.

तीन आठवड्यांनी सुलू आली. शालूला मुलगी झाली होती. सुलूचे डोळे जागरणानं लाल होते. खोलीत पिशवी ठेवून ती तशीच वाफ्यांकडे गेली. सात वाफ्यांतली रोपं हिरवीगार होती, गुडघ्याएवढी उंच, पानं तळहाताएवढी. पाच वाफ्यांतली पहिल्यासारखी, वीतभर.

विठू मागं येऊन उभा राहिला.

"युरिया टाकलात?"

"नाय."

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

"पावसानं झाली असतील," तो म्हणाला. "तिकडं पाणी जास्त लागतं."

"बरं," सुलू म्हणाली, आणि खुरपं घेऊन खाली बसली.

रेनॉल्ड मात्र खूश झाला. त्यानं उंच रोपांचे फोटो काढले. विठूच्या खांद्यावर हात ठेवला. "इसको बोलते हैं माळी." विठूनं मान खाली घातली. सुलू चार हातांवर होती. तिनं ऐकलं आणि खुरपणं चालू ठेवलं.

*

सप्टेंबर लागला तेव्हा पाच वाफ्यांवर कळ्या आल्या. मोहरीएवढ्या, हिरव्या, मग टोकाला पिवळ्या. सात वाफे तसेच हिरवे राहिले. वाढत राहिले. मग एका झडीत आडवे पडले. बुंध्याशी काळे पट्टे आले. सुलूनं काड्या रोवून, सुतळीनं बांधून पाहिलं. चार दिवसांत पुन्हा पडले.

रेनॉल्डनं सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर तिला बोलावलं. कामाच्या दोन बाया होत्या, पूनम सागर वसाहतीतून आलेलं एक जोडपं तुळस बघत उभं होतं.

"हे काय आहे?"

त्यानं आडव्या पडलेल्या रोपांकडे बोट दाखवलं.

"भर पावसात तीन आठवडे गावाला कोण गेलं होतं?"

"पोरीचं बाळंतपण होतं, शेट."

"मग माझ्या रोपांचं काय? जबाबदारी घेतली ना तू? मोठी सांगत होती, डोंगरातली आहे म्हणून. बघायला कुणी नसेल तर असंच होणार. तुला कशाला विचारलं मी, काय माहीत."

तुळस घेणाऱ्या बाईनं नजर दुसरीकडे वळवली. विठू पंपाशी पाइप जोडत होता. पाइप जोडून झाला होता. तो क्लिप पुन्हा सैल करून पुन्हा आवळत राहिला.

दुपारी खोलीत सुलूनं भाकरी वाढली. विठूनं ताट ओढलं. तिनं स्वतःचं ताट घेतलं आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. तिथं ऊन होतं.

"आत ये की," विठू म्हणाला.

ती आली नाही. जेवून तिनं दोन्ही ताटं घासली आणि वाफ्यांकडे गेली.

उद्घाटनाला बारा दिवस उरले तेव्हा रेनॉल्डनं विठूला ऑफिसात घेतलं.

"तुझा मेव्हणा आहे ना तिकडे? धाकू. त्याला फोन कर. उद्या सकाळी टेम्पो निघेल. तुम्ही दोघं मिळून डोंगरावरून सातशे रोपं उपटा. मुळाला मातीसकट. परवा संध्याकाळपर्यंत परत."

"मॅडमनी उपटलेली नको म्हटलंय."

"मॅडमला कोण सांगणार? पिशवीत लावली की कळतं काय?"

विठूनं धाकूला फोन केला. धाकू म्हणाला, उपट की, कुणाच्या बापाची हाय. मग जरा थांबून म्हणाला, फॉरेस्टवाला आला तर मी नाय तिथं. विठूनं हे सुलूला सांगितलं नाही. फोन खोलीतच केला होता. ती चुलीपाशीच होती, ऐकत.

*

टेम्पो सकाळी साडेसहाला आला. रिकाम्या गोणपाटांचा ढीग, दोन कुदळी, पाण्याचा ड्रम. ड्रायव्हर चहा पीत होता. पायसबाबा नेहमीसारखा काठी टेकत येऊन खुर्चीवर बसला होता. सुलू शेवटच्या वाफ्यात वाकून पिवळी पडलेली पानं काढत होती. विठू पुढच्या सीटवर चढला. ड्रायव्हरनं ग्लास ठेवला, इंजिन चालू केलं. टेम्पो फाटकातून अर्धा बाहेर गेला.

"थांब," विठू म्हणाला.

तो उतरला. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच राहिली. एका पायात चप्पल घालून तो रेनॉल्डसमोर गेला.

"शेट, युरिया मी टाकलाय."

"काय?"

"ती गावाला गेल्यावर. सात वाफ्यांना. ती नको म्हणून गेली होती. तिची चूक नाय. माझी हाय."

दोन्ही बाया काम थांबवून बघत होत्या. सुलू वाफ्यात उभी राहिली.

रेनॉल्डनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मग? तू टाकला की तिनं टाकला, मला काय फरक पडतो? माझी सातशे गेली ना? बस गाडीत. उशीर होतोय."

विठू तसाच उभा राहिला. दोन महिने पोटात धरलेलं बाहेर काढलं होतं आणि ते तिथंच मुरमावर पडलं होतं. कुणी उचललं नाही. तो गाडीत बसायलाही गेला नाही.

सुलूनं पदराला हात पुसले, कमरेचा फोन काढला आणि लावला.

"मॅडम, मी सुलू बोलते. नर्सरीतली. पाचशे रोपं हायत. चांगली. कळीवर. बाकीची सातशे उंच होऊन पडली. ती आता निम्मी कापली तर ऑक्टोबरात फुलतील, सगळी नाय, निम्मी धरा. शेट आता टेम्पो पाठवतायत, आमच्या डोंगरावरनं उपटून आणायला." ती थांबली. "हां. तुमीच बोला त्यांच्याशी."

तिनं फोन रेनॉल्डच्या पुढं धरला. त्यानं तो घेतला आणि इंग्रजीत बोलत बांबूच्या रांगांकडे चालत गेला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"गाडी बंद कर," तो ड्रायव्हरला म्हणाला. फोन त्यानं सुलूच्या हातात दिला नाही, कुंडीच्या कडेवर ठेवला. "मालकीण झालीस काय? माझ्या गिऱ्हाइकाला परस्पर फोन करते?"

"डोंगर उपटायला नको, शेट."

"डोंगर तुझा आहे?"

"नाय," सुलू म्हणाली. "माझा नाय."

"नाताळपर्यंत खोली खाली करा. दोघांनी."

"रेनॉल्ड," पायसबाबा खुर्चीवरून म्हणाला, "ही गेली तर तुझे नर्सरीन ऱ्हाणार काय? गुलाब?"

रेनॉल्ड ऑफिसात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. विठू फाटकाकडे गेला. टेम्पोच्या चाकाजवळून त्यानं चप्पल उचलली.

*

पाचशे रोपं दोन दिवसांत वर रिसॉर्टवर गेली. लावायला सुलू आणि विठू दोघंही गेली. संचितांच्या हातात नकाशा होता, त्यावर गोल गोल आखलेले होते. सुलूनं नकाशा बघितला, मग उतार बघितला.

"मॅडम, ही मधी माती भरलीय तिथं नको. त्या दगडांच्या कडेनं लावू. फटीत. आणि वरच्याच अंगाला. कमी दिसली तरी चालतील."

"पाचशेत अर्धाच उतार भरेल."

"भरू दे की. ती खालती आपली आपण येतील पुढच्या साली."

संचितांनी नकाशा घडी करून बॅगेत टाकला. सुलू बोट दाखवायची आणि विठू तिथं पहारीनं खड्डा करायचा. दुपारपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला. एकदा त्यानं खड्ड्यात मूठभर शेणखत टाकायला हात पिशवीत घातला. सवयीनं. मग हात तसाच बाहेर काढला.

उद्घाटनाच्या दिवशी कामाच्या माणसांनी पुढं यायचं नाही असं सांगितलेलं होतं. दोघं जनरेटरच्या खोलीमागं बसली. तिथून उताराचा एक कोपरा दिसत होता. सोनकी फुलली होती. समुद्राकडून वारा येत होता आणि फुलं एका बाजूला झुकून पुन्हा उभी राहत होती. पाहुणे फोटो काढत होते. लाल साडीतली एक बाई दगडावर चढली, दोन रोपं तिच्या सँडलखाली गेली. सुलू अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. नंतर कुणीतरी दोघांना कागदी ताटल्यांत पुलाव आणून दिला.

सात वाफ्यांतली रोपं सुलूनं निम्म्यावर कापली. दोनशे कुजली. बाकीची ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुलली, उशिरा आणि पातळ. ती फुलावर असतानाच वर नेली.

दिवाळीच्या सुमारास संचितांनी सुलूला बोलावलं. उताराकडे कायम बघायला माणूस पाहिजे होता. मागं पाण्याच्या टाकीजवळ एक खोली होती, तीही मिळणार होती. गेटवर दाखवायचा पास त्यांनी करून आणला होता. त्यावर सुलूचा फोटो होता, खाली सुलोचना विठ्ठल कदम, आणि त्याखाली माळी.

"एकाच माणसाची जागा आहे, मावशी. दादांना सध्या तरी..."

"त्यांना गुलाब हायत," सुलू म्हणाली.

तसंच झालं. रेनॉल्डनं खोली काढून घेतली, पण विठूला ठेवलं. कलमं बांधणारा दुसरा मिळत नव्हता. नाताळच्या आठ दिवस आधी दोघांनी सामान वर नेलं. आता विठू सकाळी डबा घेऊन डोंगर उतरून नर्सरीत जायचा आणि संध्याकाळी चढून यायचा. गेटवरचा वॉचमन पहिले काही दिवस त्याला अडवायचा. "किसके पास?" विठू म्हणायचा, "सुलू माळीण है ना, उसका आदमी." मग सोडायचा.

एका रविवारी सकाळी विठू जागा झाला तेव्हा सुलू खोलीत नव्हती. तो बाहेर आला. ती उतारावर, वरच्या दगडांत बसली होती. सोनकी वाळली होती, तुरे पांढरे झाले होते. दव होतं. ती तुरे चिमटीत ओढून मांडीवर पसरलेल्या फडक्यात टाकत होती. विठू जाऊन तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसला. 

"राग गेला नाय अजून?"

"नाय."

"सांगितलं की मी शेटला. सगळ्यांसमोर."

"सांगितलंत. टेम्पो चालू झाल्यावर." तिनं आणखी एक तुरा ओढला. "मी इचारलं तेव्हा नाय म्हणालात. मी पोरीजवळ होते त्याचं खापर माझ्यावर फुटलं तेव्हा पाइप जोडत होतात."

विठूनं जमिनीवरचा खडा उचलला, दुसऱ्या हातात घेतला, ठेवला.

"मला वाटलं उपाशी मरतील."

"ठाऊक हाय मला."

सूर्य वर आला. दव उतरायला लागलं तशी समुद्राकडून झुळूक आली आणि फडक्यातले दोन-तीन तुरे सुटून वर गेले. सुलूचे दोन्ही हात गुंतलेले होते.

"झाका की," ती म्हणाली. "बघत काय बसलात?"

विठू गुडघ्यांवर सरकत पुढं आला. त्यानं दोन्ही तळहात फडक्यावर पालथे धरले, दाबले नाहीत, नुसते धरले. सुलूनं तुरा आणला की तो एक अंगठा उचलायचा, ती खाली बी सरकवायची, आणि अंगठा पुन्हा खाली यायचा. वारा वाढत गेला. थोड्या वेळानं त्याच्या पाठीला कळ लागली, तरी त्यानं हात हलवले नाहीत.

"त्या दगडाकडचे पण घेऊ?" त्यानं विचारलं.

"घेऊ," सुलू म्हणाली. "आधी हे होऊ दे."